भिंतीवरची मखमल

“माझ्यासारखा नाहीच निघाला माझा मुलगा. यात चूक कुणाची, बाबा?”

धुंडीनाथबाबा विहिरीच्या कट्ट्यावर बसून तांब्या घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घाटाखालच्या त्या मठात बाबा कितीतरी वर्षं एकटे राहत होते. आता नजर अधू झाली होती. माणूस मात्र आवाजावरून ओळखत.

विचारणाऱ्या होत्या हेमांगी तिळवे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. ओल्या भिंतींवर, दगडांवर हिरवी मखमल धरते ना, तिचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती. तिच्या एका जातीला त्यांचं नाव दिलेलं होतं. कुणी त्या मखमलीला शेवाळ म्हटलं, की त्या तिथल्या तिथे दुरुस्त करत. “मॉस म्हणा. शेवाळ वेगळं.”

“शार्दूलला सगळं दिलं मी,” बाई म्हणाल्या. “माझी प्रयोगशाळा दिली, विषय दिला. दीड वर्षात सोडून दशावतारी मंडळात गेला. राजा तरी व्हावं! राणी होतो, बाबा. लुगडं नेसून रडतो.”

“बरं रडतो का?”

“मी कशाला बघायला जाते! चतुर्थीला घरी आला, तेव्हा सांगितलं, हे सोडणार नसशील तर पुन्हा उंबरा चढू नकोस. नाही चढला.”

आज मठाची जत्रा होती. संध्याकाळी त्याच मंडळाचा खेळ होता. शार्दूल मागच्या पडवीत रंग लावत बसला होता. ते कळलं म्हणूनच बाई आल्या होत्या.

“तुमचा शब्द तो मोडणार नाही. त्याला समजवा.”

बाबांनी तांब्या उपडा ठेवला. विहिरीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला.

“बाय, एवढी मखमल काढून दे मला.”

बाईंनी वाकून नखाने एक तुकडा अलगद उचलला. हात सरावलेला होता. एकही पान दुखावलं नाही.

बाबांनी त्यावर बोट फिरवलं.

“वर हे केस कसले टोचतात?”

“देठ आहेत. टोकाला कुपी असते.”

“उपटून टाक. साफ करून दे.”

बाईंनी हात मागे घेतला.

“नाही! ते तिचं मूल आहे.”

“मूल? हे वाळकं?”

“हो.”

“पान नाही एक. हिच्यासारखं काहीच नाही यात.”

“नसतंच, बाबा!” बाईंचा आवाज वर्गातला झाला. “यांच्यात नराचं रोप वेगळं, मादीचं वेगळं. मध्ये पाण्याचा थेंब असला तरच नराचं बीज पोहत मादीकडे जातं. मग मादीच्या माथ्यावर हा देठ उगवतो. बूड तिच्या अंगात रुतलेलं. अन्न, पाणी, सगळं तिच्याकडून. पण हा कधी तिच्यासारखा होत नाही. याचं काम निराळं. कुपी वाळते, उघडते, धूळ वाऱ्यावर उडते. ती धूळ कुठे ओलीवर पडली की तिथे पुन्हा हिरवी मखमल. आईला ते जमत नाही. आई असते तिथेच...”

बाई थांबल्या.

...

“कळलं मला तुम्ही काय म्हणताय ते,” त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “पण माणूस म्हणजे मॉस नव्हे.”

“नव्हेच,” बाबा म्हणाले. “तुझी आई काय करायची गो?”

“माझी आई?” बाई गोंधळल्या. “काही नाही. तिला अक्षरओळख नव्हती. गौरीच्या रात्री बायका जमल्या की नकला करायची. सासूची, भटजींची, सावकाराच्या बायकोची. वाडीतल्या बायका हसून लोळायच्या. पुरुषांची चाहूल लागली की गप्प.”

“आणि तू?”

“मी माजघरात पुस्तक घेऊन बसायचे. मला तिची ला...”

शब्द अर्धाच राहिला.

“ती काय म्हणायची तुला?”

“काही नाही म्हणायची.” बाईंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. “कंदिलाची काच पुसून आणून ठेवायची.”

...

मागच्या पडवीत कुणीतरी आपलं भाषण घोकत होतं. “नाथा, या रानात मला एकटीला टाकून कुठे निघालात?” शेवटच्या शब्दावर आवाज किंचित वर गेला, आणि तिथेच अडकून राहिला.

बाईंनी चमकून मान वळवली.

तो हेल त्यांच्या ओळखीचा होता. स्वतःच्या गळ्यातून मात्र तो कधी निघाला नव्हता. शार्दूलने तर आजीला पाहिलंही नव्हतं.

त्या पुन्हा विहिरीवर वाकल्या. तुकडा होता तिथे बसवला, अंगठ्याने दाबला, ओंजळभर पाणी घातलं. मग पडवीकडे गेल्या.

शार्दूल आरशासमोर उभा होता. तोंडाला रंग, अंगावर लुगडं, डोक्यावर अजून मुकुट नाही. आईला पाहताच त्याच्या हातातला कुंचला खाली पडला.

“आई, मी... मी तुझ्यासमोर येणार नव्हतो. तू इथे येशील असं...”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मंडळातले बाकीचे उठून उभे राहिले.

“निऱ्या चुकल्यात,” त्या म्हणाल्या.

त्या गुडघ्यांवर बसल्या. सगळ्या निऱ्या सोडल्या, एकेक चिमटीत धरून नव्याने घातल्या, खोचल्या.

“तुझी आजी अशा घालायची. चालताना पायात येत नाहीत.”

शार्दूलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रंग ओघळेल म्हणून तो वर आढ्याकडे बघत राहिला.

बाई बाहेर आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. देवळासमोर माणसं जागा धरू लागली होती. बाबा अजून कट्ट्यावरच होते.

“समजवू ना त्याला?” बाबांनी विचारलं.

“नको.”

बाई पदराने डोळे टिपत राहिल्या. मग लहान मुलीसारखं विचारलं, “बाबा, कुठे बसू? पुढे बसले तर तो बावरेल. मागे बसले तर मला दिसणार नाही.”

“कुठेही बस,” बाबा म्हणाले. “फक्त वारा अडवू नकोस.”