साळूने सुटीत नेलेली शाल

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर; अंगभर काटे, पण मनात कोणाविषयी काही नाही, असा प्राणी. या साळूला विणकामाचा भारी नाद. मेंढ्यांचे कळप जंगलाच्या कडेने जात, तेव्हा बाभळीच्या काट्यांना लोकर अडकून राही. ती वेचून आणायची, कातायची, पळसाच्या फुलांत रंगवायची आणि विणायला बसायचे, असा तिचा दिवस जाई. सुयांची तर चिंताच नव्हती. पाठीवरचा गळलेला काटा उचलला की सुई तयार.

हिवाळ्याच्या तोंडाशी कोतवाल पक्षी तिच्या थोरल्या बहिणीचा निरोप घेऊन आला. अक्का तळ्याकाठच्या टेकडीत बीळ करून राहत असे. गेल्या पावसाळ्यात तिचा जोडीदार ओढ्याच्या पुरात वाहून गेला होता आणि तेव्हापासून ती कोणाशी धड बोलली नव्हती. भेटायला पुष्कळ जण येत, "व्हायचं ते चुकत नाही" असे सांगत आणि ठेवलेले कंद खाऊन जात. "अक्का म्हणते, या सुटीत माझ्याकडे ये," कोतवाल म्हणाला. "तिला बोलायचं आहे. दुसऱ्या कोणाशी बोलवत नाही, तुझ्याशी बोलवेल म्हणते."

साळूचे डोळे भरून आले. "उद्याच निघते म्हणावं," ती म्हणाली. कोतवाल उडाला आणि साळूपुढे मोठा प्रश्न उभा राहिला : सुटीत विणायला काय न्यायचे?

मुलांनो, हा प्रश्न तुम्हांला किरकोळ वाटेल. विणणाऱ्यांना तो वाटत नाही. ते शिदोरी विसरतील, वाट चुकतील. पण विणकाम निवडल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाहीत. साळूने बिळासमोर सगळा पसारा मांडला. एक साधा मफलर होता. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, झोपेतही विणता येईल असा. एक पायमोजा होता. त्याचा जोडीदार विणायचा कंटाळा तिला बरेच दिवस येत होता. आणि केशरी लोकरीचा एक टपोरा गुंडा होता. त्याची जाळीदार शाल करायची, तिच्यात मोराची नक्षी काढायची, असे तिच्या मनात होते.

"सगळंच घे ना!" झाडावरून खार म्हणाली. "न्यायला काय जातंय?" ही खार आपले झाड सोडून कधी कुठे गेली नव्हती. त्यामुळे प्रवासाविषयी तिचा सल्ला नेहमी तयार असे.

तेवढ्यात कोल्हा आला. त्याने मफलर नाकाने जरा बाजूला सारला. "साळूताई, हे नेणार तुम्ही? सुटीत सगळं जंगल तळ्याकाठी जमतं. तिथे तुमच्यासारखीने सुलट-उलट करत बसायचं? छे! शाल घ्या. बघणारे बघत राहतील."

"पण मला अक्काशी बोलायचंही आहे हो."

"मग बोला की! बोलायचं तोंडाने, विणायचं हाताने. एकमेकांच्या मध्ये येतात कुठे?"

कोल्ह्याला मफलर कोणता आणि शाल कोणती, हेही नीट सांगता आले नसते. पण कौतुक कोणाला आवडते, हे त्याला लांबून ओळखता येई. साळूने शालीचा गुंडा उचलला.

अक्काने बीळ झाडून ठेवले होते, गोड कंद काढून ठेवले होते. साळिंदरे एरवी दिवसा झोपतात. पण सुटीत रोजच्यासारखे वागायचे नाही, असा त्यांचाही नियम आहे. दोघी बिळाच्या तोंडाशी उन्हात बसल्या. साळूने सुया काढल्या. दोन टाके एकत्र घ्यायचे, एक जागा रिकामी सोडायची, तीन सुलट, पुन्हा दोन एकत्र. अशी ती नक्षी होती. एक टाका इकडचा तिकडे झाला की मोराची मान मोडलीच.

"त्या दिवशी सकाळपासूनच पाऊस होता बघ," अक्काने सुरुवात केली.

"थांब हं अक्का, एवढी ओळ मोजते."

अक्का थांबली. ओळ संपली, दुसरी सुरू झाली.

"हां, बोल."

"पाऊस होता. मी आत होते. हे म्हणाले, मी जरा..."

"अगं अगं, थांब! बावीस झाले की तेवीस?" मोजणी चुकल्याच्या धसक्याने साळूच्या पाठीवरचे काटे खर्रकन उभे राहिले.

आता साळिंदरांत एक रीत आहे. कोणी काटे उभे केले, तर त्याचा अर्थ 'माझ्याजवळ येऊ नका' असा होतो. आणि पाहुण्याने काटे उभे केले, तर यजमानाने कारण विचारायचे नसते. गुपचूप बाजूला व्हायचे असते. अक्का उठली आणि जरा लांब जाऊन बसली. साळूला ते कळले नाही. ती खाली मान घालून मोजत होती, आणि स्वतःची पाठ साळिंदरालाही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का समोरच्या झाडाखाली बसली. त्यानंतर झाडापलीकडच्या खडकाजवळ. तिकडे तळ्यावर येणारे-जाणारे शाल पाहून माना डोलावत होते. "बोटं आहेत का काय!" बगळा म्हणाला. साळू लाजली, आणि लाजताना पुन्हा मोजणी चुकली. मधूनच ती अक्काकडे बघे. 'अजून गप्पच आहे बिचारी,' ती मनाशी म्हणे. 'दुःख फार खोल गेलंय.' मग हळहळत ती पुढची ओळ घेई.

एका सकाळी अक्का अंथरायच्या पाल्याचे गाठोडे घेऊन निघाली.

"अक्का, कुठे गं?"

"पलीकडच्या कपारीत. तू परत जाईपर्यंत तिथेच राहीन म्हणते. तुझं काम निवांत होऊ दे." अक्काच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

 खडकावर ऊन खात पडलेल्या घोरपडीने एक डोळा उघडला. "काय गं, बहिणीशी एवढं कशावरून बिनसलं?"

"आमचं? काहीच नाही, मावशी!"

"मग आल्यापासून काटे उभे करून का बसलीस? अजून उभेच आहेत. खाली बघ."

साळूने खाली पाहिले. मातीवर तिची सावली पडली होती, आणि ती सावली भल्यामोठ्या केरसुणीसारखी पिंजारलेली होती. ती किती तरी वेळ सावलीकडे बघत राहिली. अक्का कुठून उठून कुठे बसली, ते तिला एकेक करून आठवले.

तिने शालीतून सुया ओढून काढल्या.

"अहो, हे काय करता?" बगळा ओरडला. "मोर जवळजवळ पुरा झाला होता!"

साळूने लोकरीचे टोक धरून खेचले आणि शाल उराशी धरून ती अक्काच्या मागे धावली. मागे लोकर उसवत होती, झुडपांना अडकत होती, पायांत येत होती. "अक्का! गुंता होतोय सगळा. एकटीने नाही जमत गं. हात पुढे कर ना."

उसवलेली लोकर दुसऱ्या कोणाच्या तरी हातांवर गुंडाळून घ्यावी लागते. त्यासाठी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते. अक्काने आधी साळूच्या पाठीकडे पाहिले. काटे निजलेले होते. तिने गाठोडे खाली ठेवले आणि बसून दोन्ही हात पुढे केले.

साळू उसवू लागली. उसवताना मोजावे लागत नाही. अक्काच्या हातांवर लोकरीचे वेढे चढू लागले. मग हातांवरच्या लोकरीकडे बघत अक्का म्हणाली, "हे म्हणाले, मी जरा ओढ्याकडे बघून येतो. आलोच."

साळूने मान हलवली.

"मी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, येताना चार कंद घेऊन या. एवढंच. शेवटचं बोलायचं, तर मी काय बोलले? कंद आणा."

साळूचे हात थांबले.

"थांबू नकोस," अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पावसाळ्यापासून अडलेले पाणी वाहू लागले होते. "उसवत राहा. मी सांगते सगळं."

तात्पर्य : जिवाभावाच्या कोणाचे ऐकायला जाताना हातात असेच काम न्यावे, जे ओळीच्या मध्येच खाली ठेवता येईल.