आतून ‘या’ कोण म्हणेल?

गडाचं नाव आता नीट आठवत नाही. गारजाईचा गड असावा, की दुसराच कुठला? असो. एकदा काय झालं, त्या गडावर सगुणा नावाची एक म्हातारी एकटीच राहत होती. टाक्यांतलं पाणी आटत आटत एका माणसापुरतं उरलं, तशी बाकीची माणसं खाली गेली, कुणी त्याही पलीकडे गेली.

गडाचा दरवाजा मोठा हट्टी, बरं का. आलेल्यानं बाहेरून नाव सांगायचं, आतून कुणीतरी ‘या’ म्हणायचं, तरच तो उघडायचा. म्हणून सगुणा दाराआडच्या दगडावर बसून असायची. दिवस कलला की ओस घरांपुढून एक फेरी मारायची. आवडाबाई, चूल विझवलीस का? बाळोजी, नगारा झाकलास का? उत्तर कुणाचंच यायचं नाही.

मग एक सरदार आला. गड कुठल्या राजानं बांधला, विचारू लागला. सगुणानं त्याला आवडाबाईचा तेलाचा घाणा दाखवला. तो हसून निघून गेला. मग एक शाहीर आला. त्याला लढाया हव्या होत्या. सगुणानं सांगितलं, इथे बाळोजी नगारा वाजवायचा, आधी खोकायचा, मग वाजवायचा. शाहीर जांभई देत उतरला.

मग आली तिची नात, गोजरा. तिनं घरं पाहिली, नावं विचारून घेतली. मग म्हणाली, आईचे दिवस भरलेत, तिनं तुला बोलावलंय.

सगुणाचा जीव लेकीकडे धावला, पण पाय उंबऱ्यात अडले.

“मी गेले, तर परत आल्यावर ‘या’ कोण म्हणेल गं?”

“इतकी वर्षं तू यांना हाका मारतेस, आजी. एकदा त्यांना मारू दे की.”

सगुणा उतरली. मागे दार लागलं. लेक सुखरूप बाळंत झाली, बारसं झालं, मग सगुणा गड चढली. दाराशी तिनं नाव सांगितलं. आत नुसता वारा. पुन्हा सांगितलं. वाराच. मग रडवेल्या आवाजात तिसऱ्यांदा सांगितलं.

मग आत कुणीतरी खोकलं. आणि साऱ्या ओस घरांतून एकदम आवाज आला, “या.”

दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

तेव्हापासून सगुणा मनात येईल तेव्हा लेकीकडे जाई, मनात येईल तेव्हा घरी येई. सगळी सुखात राहिली. आता पांघरूण घ्या, डोळे मिटा.

लहानपणी ऐकलेली ही गोष्ट; पुढे पुष्कळ वर्षांनी मी गारजाईचा गड चढून नीट पाहून घेतलं. त्या दरवाजाला अडसराची खाच कुठेच नाही. आत एक दगड आहे, एकाच माणसाच्या बसण्यानं झिजलेला.