झांपोन्याचा सूर

फार वर्षांपूर्वी इटलीतल्या डोंगरातला मेंढपाळ रोक्को आपला झांपोन्या घेऊन सरदाराच्या मुलीच्या लग्नात वाजवायला गेला. कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचं ते वाद्य बघून महालातली सतारीसारखी तारांची ल्यूट नाक मुरडत म्हणाली, "इथं दरबारी नाच आहे. मेंढरं हाकायची नाहीत."



चौकात दोनशे माणसं नाचू लागली. पावलांच्या आवाजात ल्यूट बुडाली, रांगा चुकल्या, नवरी गोंधळून थांबली. तेव्हा रोक्कोनं पिशवी काखेत दाबली. झांपोन्याचा सूर चौकभर घुमला आणि पावलं पुन्हा जुळली. रोक्को श्वास घ्यायला थांबला, तरी सूर तुटला नाही.

नाच संपल्यावर ल्यूट हळूच म्हणाली, "आता तुमच्या सुरात तारा लावून घेऊ का?"

"लावा की," झांपोन्या ताठ होत म्हणाला, "माझा सूर डोंगरातला आहे. तो हलायचा नाही."