अर्धा बाक

"दहा वर्षं पगार दिला, महाराज, आणि या घराण्यानं एकदाही वाळवी दाखवली नाही," दिवाण नरहरपंत म्हणाले. "असली माणसं पोसायची कशाला?"

सोनकड्याचा राजा उदाजी मिशीला पीळ देत ऐकत होता. दोन वर्षांत बंदराला कापसाचं एक गलबत लागलं नव्हतं. बाजारपेठेत व्यापारी माश्या मारत बसले होते आणि जकातनाक्यावरचा कारकून भरदुपारी घोरत होता. तेव्हा राजानं ठरवलं होतं, वाड्यातली बिनकामाची माणसं कमी करायची. अत्तरवाला गेला, पतंग बनवणारा गेला, भालदार निम्मे झाले. आज पाळी होती भिवाची.

भिवाचं काम वाळवीपासून वाडा राखायचं. रोज सकाळी वाड्याचा खांब न् खांब बोटाच्या पेरानं वाजवायचा, कान लावून आवाज ऐकायचा, मातीची नळी चढलेली दिसली की मोडायची आणि वर करंजाचं तेल चोळायचं. हे काम दहा वर्षं त्याची थोरली बहीण गोदाक्का करायची. आषाढात ती तापानं गेली आणि काम भिवाच्या गळ्यात आलं. तिचं नाव निघालं की त्याला अजून बोलता यायचं नाही. पण आज पंतांनी असं नाव काढलं, की त्याला गप्प बसता येईना.

"अक्का होती म्हणून वाळवी दिसली नाही, पंत."

"वाळवी नव्हतीच, म्हणून दिसली नाही."

"तुमच्या अंगावर वाघही कधी आला नाही. मग वेशीवरचा पहारा उठवा की!"

दरबारात खसखस पिकली. पंत लालेलाल झाले. राजालाही हसू आलं होतं, पण आपलं तेच खरं करायची त्याला भारी हौस.

"भिवा, दसऱ्यापर्यंत मुदत," तो म्हणाला. "मी माझ्या वाड्यात बसलेला असेन. बसल्या जागेवरून मला वाळवीची करणी दिसली पाहिजे. नाही दिसली, तर वाळवी नाहीच, मग तूही नकोस. मात्र उंबऱ्याच्या आत एक जरी किडा सापडला, तर कामात कुचराई केली म्हणून पंचवीस फटके, आणि अक्कानंही फुकटच खाल्लं असं मी दवंडी पिटून सांगेन. बोल."

"दाखवतो," भिवा म्हणाला. बाहेर आल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

मुदपाकखान्यातल्या सुंदराकाकूंनी त्याच्यापुढे भाकरी आपटली. "जिभेला हाड नाही तुझ्या! दाखवली तर फटके, नाही दाखवली तर घरी. आता रे?"

भिवा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. दाराची चौकट खणखणीत होती. दोन हातांवर, बाहेर रानात, कुंपणाचा खांब उभा होता. त्याच्या बुंध्याशी हे एवढं वारूळ. भिवानं सहज खांबाला बोट लावलं, तर बोट आत गेलं. तो बोटाकडे बघत राहिला आणि मग तशीच भाकरी टाकून सुताराकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारात एक लांबलचक बाक आडवा पडला. अर्धा आत, अर्धा बाहेर, फळी आंब्याची, सलग एक.

"सहा पाय कशाला याला?" काकूंनी विचारलं. "आत चार, बाहेर दोन?"

"महाराज वजनदार आहेत, काकू."

महिनाभर सगळ्यांनी त्याची टिंगल केली. कुणी म्हणे दाराला अडसर, कुणी म्हणे नवरदेवाची वाट बघतोय. भिवा हसायचा आणि रोज सकाळी आतल्या अर्ध्या बाकाला तेल चोळायचा. उंबऱ्याशी नळी चढलेली दिसली की मोडायची, बस. बाहेरच्या अर्ध्याला त्यानं हात लावला नाही. दसऱ्याच्या पहाटे मात्र साऱ्या बाकाला गेरू फासला. आता दोन्ही अर्धी सारखी दिसू लागली.

राजा आला, मागे पंत.

"महाराज, आपण आत, इथं बसा. आणि पंतांनी महाराजांशेजारी, त्याच बाकावर."

राजाच्या आसनावर राजाशेजारी बसायचा मान सोनकड्यात आजवर कुणाला मिळाला नव्हता. पंतांनी खालीही पाहिलं नाही. आतला अर्धा बाक राजानं व्यापला होता, म्हणून उपरणं सावरलं, बाहेरच्या बाजूला गेले आणि ऐटीत बसले.

कर्रर्र! फळीचा भुगा झाला. पंत चिखलात, पाय आकाशाला, आणि पांढऱ्याशुभ्र किड्यांची फौज त्यांच्या धोतरावर.

राजा होता तिथंच बसलेला. त्याचा अर्धा बाक हललासुद्धा नव्हता.

"ही फसवणूक आहे!" पंत ओरडले. "वाळवी बाहेर आहे, वाड्यात नाही!"

"वाड्यात असती तर फटके होते ना, पंत? महाराज वाड्यात बसलेत. बसल्या जागेवरून करणी दिसतेय. उंबऱ्याच्या आत किडा सापडला, तर फटके मोजून घ्या."

राजानं खाली वाकून पाहिलं, फळी वाजवली, नखानं कोरली. एक किडा नाही. करंजाच्या वासानं त्यानं नाक तेवढं मुरडलं.

"फळी एकच होती?"

"एकच, महाराज. एकाच झाडाची, एकाच दिवशी ठेवलेली. अलीकडच्या अर्ध्याला पगारी माणूस आहे. पलीकडच्या अर्ध्याचा खर्च पंतांनी वाचवलाय."

राजा हसायला लागला. इतका हसला, की त्याचा फेटा सुटला आणि आत काकूंच्या हातातून उलथनं पडलं. हसू आवरल्यावर त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून भिवाच्या हातात घातलं.

"काम तुझं, पिढ्यान्‌पिढ्या. आणखी काय हवं?"

भिवानं कडं कपाळाला लावलं. "वाड्यातल्या बायकांना दसऱ्याला लुगडं मिळतं. अक्काचंही द्या."

"अरे, पण ती तर गेली ना?"

"ती गेली, महाराज. दसरा आलाय."

राजानं मान हलवली आणि धोतर झटकत उठणाऱ्या दिवाणाकडे वळला.

"पंत, कोठीतलं सगळ्यात भारी लुगडं काढा. आणि भिवाच्या घरी तुम्ही स्वतः पोचतं करा. चालत जा, मेणा नको. खर्च वाचेल."