आग कुणी लावली?

एकदा एका नगरातले नाट्यगृह भर दुपारी पेटले आणि तासाभरात जळून गेले. आत झोपलेला पहारेकरी बाहेर पडू शकला नाही. चार दिवसांनी सुप्रसिद्ध गायकनट मुकुंदराव यांना अटक झाली. नाट्यगृहाच्या मालकाशी त्यांचे वितुष्ट होते, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. नगरात दुसरा विषय उरला नाही.

त्याच नगरात एक वृद्ध शास्त्री न्यायशास्त्र शिकवीत. त्यांची दृष्टी अधू झाली होती, म्हणून वामन नावाचा तिशीतला शिष्य त्यांना रोज वृत्तपत्र वाचून दाखवी. मुकुंदरावांची पदे वामनच्या ओठांवर असत. अटकेची बातमी त्याने दोनदा वाचली.

"असा गळा असलेला माणूस हे करणार नाही, गुरुजी," तो म्हणाला.

शास्त्रींनी त्याला पुढची बातमी वाचायला सांगितले.

आठवड्याने बातमी आली. एका टांगेवाल्याने मुकुंदरावांना त्या गल्लीत पाहिले असल्याचे समजते, असे तीत म्हटले होते. वामनने वृत्तपत्र घडी करून ठेवले. आपलीच फसवणूक झाल्यासारखे त्याला वाटत होते.

"आग त्यांनीच लावली. सकाळीच हे वाचून चौकात मी चारचौघांना तसे सांगितलेही."

शास्त्रींनी काठी घेतली आणि पायांत वहाणा घातल्या. "चल माझ्याबरोबर," एवढेच ते म्हणाले.

दोघे नगराच्या कडेला एका खोपटापाशी आले. दारात पहारेकऱ्याची बायको पत्रावळी लावीत बसली होती. शास्त्री तिला म्हणाले, "बाई, हा माझा शिष्य. आग कुणी लावली, ते याला ठाऊक आहे."

तिच्या हातातले पान तसेच राहिले. तिने पदराला हात पुसले, आतून घोंगडी आणून अंथरली आणि वामनसमोर बसली.

"सांगा, दादा," ती म्हणाली. "मला कुणी सांगतच नाही. सगळे त्या गाणाऱ्याचं बोलतात. त्यानं लावली का? तुम्ही बघितलं?"

टांगेवाला त्याने पाहिला नव्हता. त्याची साक्षही अजून झाली नव्हती.

"नाही, मावशी," तो अखेर म्हणाला. "मला माहीत नाही. मी नुसतं वाचलं."

तिने खाली पडलेली बांबूची चोय उचलली आणि पुन्हा पान टाचू लागली.

परतताना वामनला राहवले नाही. "त्या माउलीला आपण खोटी आशा का दाखवलीत?"

शास्त्री थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तो अपराध माझा आहे, आणि तो मला जाळीत राहील. पण वामन, चौकात तू तेच सांगत होतास. आरोप झाला, ही वार्ता. कृत्य कुणाचे, हे ज्ञान. या दोहोंमध्ये साक्षी आहेत, उलटतपासणी आहे, पुष्कळ काळ आहे. तू ते अंतर दोनदा एका उडीत ओलांडलेस. आधी प्रेमाने, मग रागाने. तुला ते सोपे गेले, कारण तुझे तिथे काही जळले नव्हते. जिचे जळले, ती अजून नुसती विचारते आहे."

वामन चौकात जाऊन आपले बोलणे मागे घेऊन आला. लोक हसले.

खटला दीड वर्ष चालला. तोवर नगराला दुसरे विषय मिळाले. पुराव्याअभावी मुकुंदराव सुटले. पुन्हा रंगभूमीवर मात्र ते कधी आले नाहीत.

वामनने निकालपत्राची नक्कल मिळवली आणि तो खोपटाकडे गेला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याने सारे वाचून दाखवले. अवघड शब्द आला की थांबून तो अर्थ सांगे.

"म्हणजे लावली कुणी?" तिने विचारले.

"ते सिद्ध झालं नाही, मावशी. बहुधा आता होणारही नाही."

तिने त्या कागदांकडे बोट केले.

"मधे कुठंतरी यांचं नाव आलं होतं," ती म्हणाली. "तेवढं परत वाचा."

वामनने पाने उलटली. सबंध निकालपत्रात ते एकदाच आले होते. त्याने सावकाश वाचले, "मयत गणोबा धोंडी, पहारेकरी."