करून पाहिलं

“पण चूक काय आहे त्या पानात, ते तरी सांगा ना, बाई!”

शार्दूल उंबऱ्यातूनच बोलला. चपला अजून पायात होत्या.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा. मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते.

“आधी पाणी पी,” त्या म्हणाल्या.

“सकाळी तुमचा फोन. पेनड्राइव्हचं पान इंटरनेटवरून काढ आणि किल्ली घेऊन ये. मी काढलं. का म्हणून विचारलं नाही. लातूरहून उदगीरला आलो. आता तरी...”

“पाणी.”

तो पाणी प्यायला.

मी कोपऱ्यात डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन बसले होते. मी सुगंधा, बाईंची शेजारीण, अंगणवाडीतून निवृत्त. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि या घरात माझी किंमत त्यामुळेच आहे. कशी, ते सांगते.

दमयंती खरोसेकर बाईंनी इथल्या तंत्रनिकेतनात जन्मभर संगणक शिकवला. ‘साळुंकी’ नावाची एक संगणकप्रणाली आहे. म्हणजे संगणक चालू केल्यावर पडद्यावर येतं आणि आपलं सगळं काम करून देतं ते. ती फुकट मिळते. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून ती घडवतात आणि कुणाचीच मालकी नसते. ती कशी वापरायची हे मराठीत सांगणारी इंटरनेटवरची चारशे बारा पानं बाई वीस वर्षं सांभाळतात. साळुंकी दर सहा महिन्यांनी बदलते. पान बदललं नाही, तर ते खोटं बोलायला लागतं.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असते. ‘करून पाहिलं’, पुढे नाव, पुढे तारीख.

बाईंचा रिवाज असा, की ज्याला येतं त्यानं करून पाहायचं नाही. ज्याला येत नाही त्यानं करायचं. म्हणजे मी. मी एकेक ओळ वाचते आणि लिहिलंय तेवढंच करते. बाई शेजारी बसतात, दोन्ही हात मांडीखाली घालून. मी कितीही अडले तरी हात बाहेर काढायचे नाहीत. मी अडले की चूक पानाची धरायची, माझी नाही. असा मान मला आमच्या घरात कधी मिळाला नाही.

आणि किल्ली म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक वस्तू, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती संगणकाला लावल्याशिवाय पानातला कुठलाही बदल लोकांपुढे जात नाही. डोळ्याला पट्टी बांधायच्या दिवशी बाईंनी ती शार्दूलच्या गळ्यात घातली होती. तो त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे त्यालाही ठाऊक होतं, तीच तर अडचण होती.

“बाई, तीन आठवड्यांत मी काय केलं ऐका तरी,” तो खाली बसत म्हणाला. “चारशे बाराच्या चारशे बारा पानं तपासली. त्यासाठी प्रोग्राम लिहिला. अकरा मिनिटं लागली.”

“अकरा.”

“काही पानांवर सात वर्षांपूर्वीची तारीख होती. बघून लाज वाटायची. आता सगळ्यांवर याच महिन्याची आहे. किल्ली माझ्याकडेच राहू द्या. तुम्ही खूप केलंत, आता आराम करा.”

हे तो मायेनंच बोलला, उगाच खोटं कशाला सांगू.

“तळाशी काय लिहिलंस?”

“करून पाहिलं. शार्दूल लोमटे. आठ तारीख.”

“पाहिलंस?”

“प्रोग्रामनं पाहिलं. एकच झालं की, बाई.”

बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं...

“मला अजून बारीक अक्षर दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “ते पान वाच. मी करते.”

पानाची छापील प्रत टेबलावर होती. मीच सकाळी काढून ठेवली होती. छापायचं मला येतं, त्याचंही पान आहे.

बाई संगणकापुढे बसल्या. त्यांच्या संगणकावर नवी साळुंकी शार्दूलनंच बसवून दिली होती, त्या दवाखान्यात असताना. त्यांनी पेनड्राइव्ह लावला.

तो खुर्चीला टेकून वाचायला लागला. पेनड्राइव्हवर साळुंकी कशी चढवायची याचं ते पान. पहिली पायरी झाली. दुसरी झाली. बाई सांगितलं तेवढंच करत होत्या, माझ्यासारखं.

“पाचवी,” तो म्हणाला. “पडद्यावर दोन नावं दिसतील. वरचं नाव तुमच्या संगणकाचं, खालचं पेनड्राइव्हचं. खालचं निवडा. निवडलेल्या जागेवरचं सगळं पुसलं जाईल. एंटर दाबा.”

बाईंनी खालचं निवडलं. बोट एंटरवर नेलं.

शार्दूलनं सहज पडद्याकडे पाहिलं.

“बाई!”

त्यानं त्यांचं मनगट धरलं.

“काय झालं?”

“खालचं नाव तुमच्या संगणकाचं आहे! सगळं पुसलं गेलं असतं. वाचकांची वीस वर्षांची पत्रं आहेत त्यात...”

“पान तर खालचं म्हणतंय.”

“नव्या साळुंकीत यादी उलटी लागते. जे नंतर लावलं ते वर येतं. हे मला...”

तो थांबला.

“तुला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि प्रोग्रामला?”

“त्यानं शब्द तपासले. शब्द तेच आहेत, बाई. नावं तीच आहेत. फक्त वरचं खाली...”

मनगट अजून त्याच्या मुठीत होतं. बाईंनी ते सोडवून घेतलं नाही.

“सुगंधा, ते पत्र दे त्याला.”

पत्र सकाळीच आलं होतं. मीच ते बाईंना वाचून दाखवलं होतं.

औशाच्या माणिक जवळग्यांनी लिहिलं होतं. पिठाची गिरणी चालवतात.

‘बाईंना नमस्कार. तुमच्या पानाप्रमाणे पेनड्राइव्ह करायला गेलो, आणि संगणकातलं सगळं गेलं. पान बरोबरच असणार. खाली तारीख ताजी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. माझंच काही तरी वरखाली झालं असेल. एवढंच विचारायचं होतं, की गेलेलं परत मिळतं का. माझी मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्यावरून मी रोज गिरणी बंद झाली की तिला एकेक वस्तू दाखवायचो आणि आवाज भरून ठेवायचो. एक्क्याण्णव वेळा भरला. त्यातच तिचा पहिला शब्द होता. तसदीबद्दल माफी असावी.’

शार्दूलनं पत्र दोनदा वाचलं.

“माझंच वरखाली झालं असेल, म्हणतात...”

“सगळे तसंच लिहितात,” बाई म्हणाल्या. “वीस वर्षं झाली. पान चुकतं, आणि माफी वाचणारा मागतो.”

“तारीख ताजी होती म्हणून निर्धास्त होतो...”

“जुनी असती तर दोनदा बघितलं असतं त्यांनी. जुनी तारीख निदान सावध करते रे.”

त्यानं पत्राची घडी घातली.

“तू माझा हात धरलास,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या शेजारी कोण होतं?”

तेव्हा तो रडला. एकोणतीस वर्षांचा घोडा, पण हमसून रडला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“किल्ली मी दिली होती,” त्या म्हणाल्या. “निम्मं माझ्या पदरात टाक.”

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

“माझं नाव काढून टाकतो, बाई. सगळ्या पानांवरून.”

“काढ. आणि जुन्या तारखा होत्या तशा परत घाल. सात वर्षांपूर्वीच्यासुद्धा.”

“पानं जुनी दिसतील.”

“जुनीच आहेत.”

“आत्ता घालतो.”

“हो. हे मात्र अकरा मिनिटांत झालं तरी चालेल.”

मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं असावं, पण त्यानं ते गिळलं.

काम झाल्यावर त्यानं गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“मी लातूरवरून तसाच पुढे औशाला जाऊ का, बाई? सगळं गेलं नसेल. वरवरचं पुसलं जातं, आतलं कधी कधी राहतं. बसून काढावं लागेल.”

“संगणक अजिबात चालू करू नका, असं सकाळीच सांगितलंय त्यांना.”

“म्हणजे मी जाणार हे तुम्हाला...”

“चपला घाल. लातूरची एसटी सुटेल.”

चपला त्याच्या पायातच होत्या.

तो चार दिवसांनी आला. दाढी वाढलेली, शर्टाला पीठ. या वेळी त्यानं चपला बाहेर काढल्या.

तोच बोलायला लागला.

“त्रेसष्ट आवाज सापडले. अठ्ठावीस गेले.”

“आणि पहिला शब्द?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

मी देवाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. चार दिवस त्याच्यापुढे रोज उदबत्ती लावली होती, आणि त्यानं नेमका तोच आवाज गिळला.

“आणि पोरगी?” मला राहवेना.

“भार्गवी. अकरा वर्षांची आहे आता, काकू. वडिलांना सांगून झालं होतं. ते म्हणाले जाऊ द्या, तुम्ही आलात तेच खूप झालं. पण तिला सांगायला माझी जीभच उचलेना. शेवटी सांगितलं. म्हटलं, तुझा पहिला शब्द होता, तो माझ्यामुळे गेला...”

“मग?”

“ती म्हणाली, काका, तो मला येतो की. परत म्हणू का?”

तो थांबला.

“आणि म्हणाली, बाई. ‘पीठ.’ अडखळली थोडी. तिच्या वडिलांनी गिरणी बंद केली आणि भरून घेतला.”

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी काळा चष्मा काढला आणि पदरानं डोळे टिपले. डोळ्यांना हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी चारदा बजावलं होतं. एरवी मी ओरडले असते, पण मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं.

मग त्यानं पिशवीतून एक कागद काढला. पेनड्राइव्हचं पान. त्यावर पेन्सिलीनं इतकं खोडलं होतं, की मूळ अक्षर शोधावं लागत होतं.

“तिच्याकडून करून घेतलं. त्यांच्याच संगणकावर, काम झाल्यानंतर. हात मांडीखाली घालून बसलो होतो. लई अवघड आहे हो ते, बाई. माझा हात दोनदा बाहेर आला. तिनंच ओरडून आत घालायला लावला.”

“कुठं अडली?”

“चार ठिकाणी. मला वाटत होतं एकाच ठिकाणी अडेल.”

बाईंनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचलं. पाचव्या पायरीत आता वरचं-खालचं काहीच नव्हतं. लिहिलं होतं: ‘पेनड्राइव्ह काढा. यादीत कोणतं नाव आहे ते कागदावर लिहून ठेवा. पेनड्राइव्ह परत लावा. जे नाव नव्यानं आलं, ते पेनड्राइव्हचं. तेच निवडा. खात्री नसेल तर इथेच थांबा आणि आम्हाला विचारा. थांबल्यानं काही बिघडत नाही.’

तळाशी होतं: ‘करून पाहिलं. भार्गवी जवळगे.’ आणि परवाची तारीख. अक्षर तिचंच, जरा मोठं.

“शेवटचं वाक्य कुणाचं?” बाईंनी विचारलं. “थांबल्यानं काही बिघडत नाही, ते.”

“तिचं. तिला शाळेत बाई तसं म्हणतात, बोलताना अडली की.”

बाईंनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

“किती पानं राहिली?” त्यांनी विचारलं.

“चारशे अकरा. ती होईपर्यंत हे पुन्हा जुनं झालेलं असेल.” हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. दळण आणायला निघालेला माणूस बोलतो, तसं सांगितलं.

बाई उठल्या. भिंतीला हात लावत कपाटापर्यंत गेल्या आणि काळा दोरा घेऊन आल्या. किल्ली त्यांनी त्याच्यापुढे धरली.

शार्दूलनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

“नको, बाई... मला अजून काहीच येत नाही.”

बाईंनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि दोरा त्याच्या गळ्यात घातला.

“तेवढं विसरू नकोस.”