बस्त्याव तांडेलाचे दगड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, तर खाडीवर पूल नव्हता आणि पुलाचं आश्वासनही अजून कुणी दिलं नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वीची. वसईकडच्या सातपाखाडी गावातून पलीकडे जायचं तर एकच साधन होतं, बस्त्याव तांडेलाची नाव. चर्च पलीकडे, बाजार पलीकडे, वैद्यही पलीकडेच. अलीकडे नुसती माणसं.

नावेचा एक रिवाज होता. भरती आली की बस्त्याव रेड्याचं शिंग फुंकायचा. पहिलं शिंग ऐकून माणसं चपला शोधायची, दुसरं ऐकून धावायची, आणि तिसरं झालं की नाव सुटायची. पण बांधावरून कुणी धावत येताना दिसलं, तर तिसरं शिंग वाजत नसे. हा नियम बस्त्यावच्या बापाचा होता, आणि बस्त्यावने तो एकदाच मोडला.

गावात इनेस नावाची विधवा होती. तिने एकदा बाजारात, चारचौघांत, बस्त्यावच्या नावेला गळकं टोपलं म्हटलं. लोक हसले. बस्त्याव हसला नाही. आठ दिवसांनी भर सकाळी तीच इनेस तापाने फणफणलेली पोर खांद्यावर टाकून बांधावरून पळत येताना त्याला दिसली. त्याने बघितलं, मान फिरवली आणि तिसरं शिंग फुंकलं. येऊ दे पुढच्या भरतीला, गळकं टोपलंच आहे, असं तो मनात म्हणाला. पुढची भरती आली तोवर पोर गेली होती.

इनेस त्याला एक शब्द बोलली नाही. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं, असं बस्त्यावला वाटे. शेवटी तो पाद्रीबाबांकडे गेला आणि सगळं ओकला. पाद्रीबाबांनी ऐकलं, डोळे पुसले, क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "देवाने क्षमा केली, बाबा. एक प्रार्थना म्हण आणि घरी जा."

"एकच?" बस्त्याव म्हणाला.

"एकच."

बस्त्यावला हा आपला अपमान वाटला. एवढं मोठं पाप, आणि एवढीशी प्रार्थना? चोरून कैरी खाल्ली तरी पाद्रीबाबा तीन सांगत. तेव्हा त्याने आपली शिक्षा आपणच ठरवली. इनेस ज्या बांधावर पोर घेऊन उभी राहिली होती, तिथला एक दगड त्याने उचलून नावेत ठेवला. दर शुक्रवारी एक. मन हलकं होईल तेव्हा थांबायचं, असं ठरलं होतं. मन हलकं होईना आणि नाव जड होत गेली.

असं म्हणतात, वर्ष सरायच्या आत नावेत चाळीस दगड झाले. माणसं दगडांवर बसू लागली, मग दगडांत बसू लागली. "तांडेल, एखादा उतरव की, माझ्या कोंबड्यांना जागा नाही," असं कुणी म्हणालं तर बस्त्याव म्हणे, "दगड राहील. कोंबड्या पोहत येऊ देत." पलीकडचे लोक त्याला साधू म्हणू लागले. ते त्याच्या नावेत बसत नव्हते.

एक दिवस इनेस स्वतः धक्क्यावर आली. "बस्त्याव, मी तुला माफ केलंय," ती म्हणाली. बस्त्याव खाली बघून म्हणाला, "तू केलंस, बाय. माझं अजून पुरं व्हायचंय." इनेस दगडांकडे बघत राहिली आणि परत गेली.

मग ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार आला. भर दुपारी सारा गाव नटूनथटून नावेत चढला. इनेसही होती. नाव खाडीच्या मध्यावर आली आणि समुद्राकडून वारा सुटला. साधा नव्हे. असं म्हणतात, त्या वाऱ्याने पलीकडच्या चर्चची घंटा आपोआप वाजायला लागली. लाटा काठावरून आत येऊ लागल्या. म्हाताऱ्या जपमाळा ओढू लागल्या, पुरुष टोप्यांनी पाणी उपसू लागले, आणि नाव बोटभर बोटभर खाली जाऊ लागली.

"दगड फेका!" कुणीतरी ओरडलं.

बस्त्याव दगडांवर आडवा पडला. "दगडांना हात नाही लावायचा. वजनच कमी करायचंय ना? मीच उडी टाकतो."

"बस खाली," इनेस म्हणाली. "तू एक, दगड चाळीस. तू बुडून कुणाचं भलं होणार?" तिने वाकून एक दगड उचलला आणि पाण्यात टाकला. "त्या दिवशी बाजारात मी चुकले रे. टोपलं गळकं नाही, जास्त भरलंय."

मग काय, सगळ्या नावेचे हात चालू झाले. दगड धबाधब पाण्यात जाऊ लागले. शेवटी एकच राहिला, पहिला, तो बस्त्यावने पोटाशी धरला होता. इनेसने हात पुढे केला.

"दे."

"बाय, हा तरी राहू दे. काहीतरी मी करायला नको का?"

"आपल्या पापांसाठी क्रुसावर जो गेला, तो काय अर्धं काम तुझ्यासाठी ठेवून गेला?" इनेस म्हणाली. "तुला माफ करणं मलाही माझ्या बळावर जमलं नव्हतं, बस्त्याव. मी मागितलं, मला मिळालं. माझी पोर त्याच्यापाशी आहे. आता दे."

एक लाट आली, दुसरी आली. बस्त्यावची बोटं एकेक करून सुटली. इनेसने दगड घेतला आणि लांब फेकला.

असं म्हणतात, तो दगड पडला तिथे पाणी ताटासारखं सपाट झालं, आणि ते सपाट पाणी पसरत पलीकडच्या काठापर्यंत गेलं. नाव वीतभर वर आली. वल्हं कुणी मारलं नाही, तरी घंटा थांबायच्या आत ती धक्क्याला लागली. बस्त्याव भिजलेल्या कपड्यांनीच चर्चमध्ये गेला आणि वर्षभर राहून गेलेली ती एक प्रार्थना म्हणाला. म्हणताना रडला, मग हसला. पाद्रीबाबा म्हणाले, "एवढीच होती." पुढे ओहोटीला लोकांनी खाडीत दगड शोधले. चिखल सापडला, खेकडे सापडले, दगड एकही सापडला नाही.

आता पूल झालाय. तरी त्या शनिवारी सातपाखाडीचे लोक नावेनेच पलीकडे जातात. प्रत्येकाच्या हातात एक दगड असतो आणि मध्यावर तो पाण्यात जातो. मात्र आपला दगड आपण टाकायचा नाही, शेजाऱ्याने हातातून घेऊन टाकायचा. एका सरपंचांनी सवयीने स्वतःच टाकला, तर त्यांना परत काठावर नेऊन नवा दगड दिला होता.

आणि त्या दिवशी बांधावरून कुणीतरी धावत आल्याशिवाय तिसरं शिंग वाजत नाही. एका वर्षी सगळेच वेळेवर आले. नाव अडून राहिली. शेवटी चर्चचा म्हातारा घंटावाला सांतान कुरकुरत खाली उतरला, बांधाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून धापा टाकत पळत आला. सगळ्या नावेने हात पुढे करून त्याला आत ओढून घेतलं, तेव्हा कुठे शिंग वाजलं.